डाव्या खांद्यावरची बंदूक

आमच्या साताऱ्याच्या घरात सकाळ तीन आवाजांनी होत असे. पहिला अक्काआत्याच्या सहाणेचा, गंध उगाळल्याचा. दुसरा आईच्या फुंकणीचा, ओल्या लाकडांशी चाललेल्या भांडणाचा. आणि तिसरा अण्णांच्या खोलीतून येणारा 'टक्'. हा आवाज बंदूक मिटल्याचा. चांगली बंदूक मिटते तेव्हा एखादा जड लाकडी डबा नीट झाकल्यासारखा आवाज होतो. वाईट बंदूक खडखडते. दहाव्या वर्षी मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगू शकत असे की अण्णांनी आज कोणती बंदूक पुसायला काढली आहे. "झाली का तुझी दुसरी पूजा?" असे अक्काआत्या आतून विचारायची. अण्णा उत्तर देत नसत. ते वकील होते, आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते हे त्यांना पक्के माहीत होते.

ईशान, रेवा, तिकडे परदेशात तुमच्याकडे बंदूक म्हटले की डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते, हे मला ठाऊक आहे. परवा फोनवर रेवाने "आजी, तुमच्या घरी खऱ्या बंदुका होत्या?" असे विचारले तेव्हा तिचा आवाज थोडा बदलला होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या बंदुकांनी एक चिमणीसुद्धा मारली नाही. अण्णांना बंदुकीचा छंद लागला तेव्हा अक्काआत्याने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, एकच अट घातली होती: घरात पीस दिसता कामा नये. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरातल्या सगळ्या रीतिभाती तिच्या ताब्यात होत्या. अण्णांनी अट मान्य केली आणि आयुष्यभर पणत्या मारल्या. दिवाळी झाली की गल्लीतल्या घराघरांतून वापरलेल्या पणत्या आमच्याकडे येत. तेलाने काळ्या झालेल्या, वातींची टोके चिकटलेल्या पणत्यांची पोतीच्या पोती मागच्या पडवीत रचून ठेवलेली असत. यवतेश्वरच्या पायथ्याशी एका कोरड्या ओढ्यात, मागे डोंगराची उभी कड, अशा जागी कोणीतरी पणती तिरपी भिरकावायची आणि अण्णांनी ती हवेत फोडायची. भिरकावण्याचे काम माझे. मला भाऊ नव्हता, आणि माझा हात चांगला होता.

तो हात डावा होता. इथेच सगळी अडचण होती. डाव्या हाताने जेवायचे नाही, द्यायचे नाही, घ्यायचे नाही, देवाला फूल वाहायचे नाही. जेवायला बसले की अक्काआत्या मला डावा हात पाठीमागे परकराच्या नाडीत खोचायला लावायची. "काढशील तर बघ, विमे," एवढेच म्हणायची, आणि तिचे लक्ष स्वतःच्या पानापेक्षा माझ्या पाठीकडे जास्त असे. शाळेतही तेच. मी तक्रार करत नाही. हे मी उजव्या हाताने लिहिते आहे, माझे अक्षर वळणदार आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण काडी ओढायची झाली की आजही डावाच हात पुढे होतो. पणत्या भिरकावताना मात्र अक्काआत्या जवळ नसे, आणि फुटायलाच निघालेली पणती कोणत्या हातातून निघाली याचे अण्णांना सोयरसुतक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आणि नंतरही काडतुसे सहज मिळत नसत, म्हणून उडवलेल्या काडतुसांची कागदी नळकांडी गोळा करून आम्ही ती घरी पुन्हा भरत असू. रविवारी दुपारी माजघरात जुने वर्तमानपत्र अंथरायचे. अण्णा दारू मापाने घालत, मी जुन्या घोंगडीच्या कापलेल्या गोल चकत्या आत दाबत असे, मग छर्रे, मग वर पुठ्ठ्याची चकती. त्या वेळात चूल विझलेली पाहिजे असा अण्णांचा कडक नियम होता, त्यामुळे रविवारी दुपारचा चहा कधीच वेळेवर मिळाला नाही. आई म्हणायची, "तुमची दारू, आणि सुतक माझ्या चुलीला." बंदुकीचे तेलही बाजारातून नाहीसे झाले होते. एकदा अण्णांनी आईच्या बुधल्यातले खोबरेल वापरले, आणि साताऱ्याच्या थंडीत ते आतल्या आत असे गोठले की दुसऱ्या दिवशी ओढ्यात बंदूक उघडेचना. शेवटी मी ती मांडीवर घेऊन उन्हात बसले, आणि कानशिलावरून ओघळ यावा तसा तेलाचा ओघळ दस्त्यावरून, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावरून, आला तेव्हा ती उघडली. अण्णांनी मला बंदूक चालवायलाही शिकवले होते. खांदा उजवा, डोळा उजवा, सगळे शिस्तीत. माझा एकही बार कधी लागत नसे. "नजर चांगली, हात स्थिर, मग बार जातो कुठे?" असे म्हणून अण्णा डोके खाजवत. मलाही ते कोडेच होते.

अण्णांचे सांगलीचे मित्र म्हणजे बाबासाहेब. माधवनगरच्या गिरणीत त्यांचा थोडा हिस्सा होता, कृष्णाकाठी उसाचा मळा होता, आणि अंगात अण्णांचेच वेड होते. दोघे कॉलेजात एका खोलीत राहिले होते. दर दिवाळीत बाबासाहेब साताऱ्याला येत आणि दोघे बंदुकांची अदलाबदल करत. या व्यवहाराची त्यांनी स्वतःची रीत घालून घेतली होती. देणाऱ्याने दोष सांगायचा नाही, घेणाऱ्याने शोधायचा. त्यासाठी संक्रांतीपर्यंत मुदत. संक्रांतीला आम्ही सांगलीला जायचे, मळ्यात पणत्यांचा सामना व्हायचा, आणि तिळगूळ तोंडात पडायच्या आत बंदूक परत केली तर सौदा मोडला. तिळगूळ पडला की पक्का. मग नळी फुटो नाहीतर दस्ता, पुढे ब्र काढायचा नाही. परवान्यांवरच्या नोंदी अण्णा रीतसर करून घेत. कचेरीतला कारकून या दोघांना दारात बघितले की लेखणी खाली ठेवून कपाळाला हात लावी.

मी सांगते आहे त्या दिवाळीत बाबासाहेबांनी आणलेली बंदूक पाहून अण्णा पुढ्यातला फराळ विसरले. साहेब लोक तेव्हा बाडबिस्तरा आवरून निघत होते, आणि महाबळेश्वरला एका साहेबाचे सामान विकले गेले त्यात बाबासाहेबांना ही मिळाली होती. दुनळी, बाराबोर, पण हातात घेतली तर छत्रीसारखी हलकी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळ्या कॉफीच्या रंगाचा. मिटली तर आवाज असा, की अक्काआत्यासुद्धा सहाण थांबवून म्हणाली, "ही कोण नवी?" अण्णांनी बदल्यात त्यांची थोरली दिली. थोरली म्हणजे वकिलीची सनद मिळाल्यावर घेतलेली बेल्जियन बंदूक, जड, खांद्याला दणका देणारी, पण कधी दगा न देणारी. ती गाडीत चढली तेव्हा अण्णा दुसरीकडे बघत होते.

आणि मग नवीन बंदुकीने अण्णांना एकही पणती फोडता येईना. ज्या माणसाची थोरलीवर दहात एखादीच चुके, त्याच्या पणत्या डोंगरावर जाऊन आपल्या आपण फुटू लागल्या. बार सगळे डावीकडे जात. अण्णांनी आधी स्वतःला दोष दिला, मग काडतुसांना, मग माझ्या भिरकावण्याला. एके दिवशी त्यांनी बंदूक टेबलावर उताणी ठेवून नळीच्या टोकापासून दस्त्यापर्यंत दोरा धरला आणि म्हणाले, "हे बघ. दस्ता डावीकडे वाकला आहे. महाबळेश्वरच्या दमट हवेने लाकूड फिरलं. बाबासाहेबाला हे माहीत होतं! म्हणून थोरलीवर एवढं प्रेम उतू गेलं त्याचं!" लोणंदला एक सुतार होता, तो लाकडाला वाफ देऊन सरळ करी, त्याच्याकडे जावे का, असा विचार झाला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लाटणं वाकलं तर आपण वाफ देत बसत नाही, परत करतो." अण्णांना ते पटले. संक्रांतीला बंदूक परत.

त्याच आठवड्यात, अण्णा कोर्टात गेलेले असताना, मी ती पुसत बसले होते. पुसून झाली, रिकामी आहे हे दोन्ही नळ्यांतून उजेड बघून पक्के केले, मिटली, आणि कोणी बघत नाही म्हणून डाव्या खांद्याला लावली. मला इतकेच बघायचे होते, की माझ्या मनाला जे नेहमी वाटते ते केले तर कसे वाटते. आजवर मी बंदूक लावायची म्हणजे मान वाकडी करायची, गाल दाबायचा, डोळा शोधायचा. या वेळी काहीच शोधावे लागले नाही. गाल लाकडावर टेकला आणि दोन्ही नळ्यांच्या मधली पट्टी अशी एका रेषेत आली की जणू नळ्या नाहीतच, टोकावरची, नेम धरायची पितळी माशी तेवढी हवेत उभी आहे. समोरच्या चिंचेवरून पोपट उडाले. मी नुसती मान फिरवली तर माशी पोपटाच्या चोचीबरोबर फिरली. मी बंदूक खाली घेतली, उजव्या खांद्याला लावली, पुन्हा डाव्या. लाकूड वाकले नव्हते. कोणीतरी माझ्यासारख्या माणसासाठी ते मुद्दाम तसे घडवले होते.

जेवताना मी सांगितले. "अण्णा, बंदूक बिघडलेली नाही. ती डावखुऱ्या माणसाची आहे."

अण्णा हसले. "बंदूक काय वहाण आहे, डावी आणि उजवी असायला?"

"दस्ता वाकवतातच की. थोरलीचा उजवीकडे वाकलेला होता, थोडासा. मी दोरा धरून बघितला होता कधीतरी. हिचा तेवढाच डावीकडे आहे. हवेने फिरला असता तर इतका नेमका, आणि इतका गुळगुळीत?"

"हिला कसं कळलं?" अक्काआत्या म्हणाली. पानावरचा तिचा हात थांबला होता. "डाव्या खांद्याला लावलीस?"

"लावली."

"बघ, बघ! ताटावर रोखला तर बंदुकीवर गेला. उद्या सासरी डाव्या हाताने वाढशील, आणि नावं कुणाला ठेवतील? मला!"

"बंदूक परत जाणार आहे," अण्णा म्हणाले. वाद मिटवायचा त्यांचा आवाज होता तो. "चार माणसांत मुलीने डाव्या खांद्यावरून बार काढायचे आणि मी बघायचं, हे व्हायचं नाही. थोरली येईल, तिच्यावर शिक."

थोरलीवर मी सात जन्म शिकले असते तरी पणती फुटली नसती, हे मला आता कळले होते. आणि ही गेली तर अशी दुसरी माझ्या वाट्याला कुठून येणार? मी वाद घातला नाही. संक्रांतीपर्यंत रोज बंदूक पुसायचे काम मात्र मागून घेतले, आणि रोज रिकाम्या बंदुकीने चिंचेवरचे पोपट मोजले. त्या मोजणीत एकही पोपट निसटला नाही.

सांगलीला बाबासाहेबांच्या मळ्यात त्या दिवशी गुऱ्हाळ चालू होते. उकळत्या रसाचा गोड, जाडसर वास सगळ्या शिवारावर पसरला होता. बंगलीच्या आत बायकांचे हळदीकुंकू होते. आई तिकडे गेली. अक्काआत्याला तिकडे जायचे नव्हते, तिला कोणी बोलावणारही नव्हते. ती बाहेरच्या ओसरीवर तिळगुळाचे ताट मांडीवर घेऊन आमच्याकडे तोंड करून बसली. सामना संपला की तिळगूळ वाटायचा, हे काम दर वर्षी तिच्याकडेच असे. बाबासाहेब तिला थोरली बहीण मानत आणि तिच्या पाया पडल्याशिवाय बंदुकीला हात लावत नसत.

पणत्या भिरकावायला बाबासाहेबांचा जुना गडी म्हादबा होता, मिशा पांढऱ्या झालेला आणि जिभेला हाड नसलेला. बाबासाहेबांनी आमच्या थोरलीने एकामागून एक पणत्या फोडल्या. मग अण्णांची पाळी. पहिला बार गेला. पणती सावकाश खाली आली आणि उसाच्या पाचटावर अलगद टेकली.

"वकीलसायेब," म्हादबा ती उचलून वरखाली बघत म्हणाला, "हिला तर बार झाल्यालाबी कळला न्हाई बगा."

दुसरा गेला, तिसरा गेला. बाबासाहेब पोट धरून हसत होते. "काय वो, कोर्टात तर अशिलाला नेमकं गाठता की! पणतीनं फी दिली न्हाई म्हणून सोडून देताय व्हय?"

अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी बंदूक उघडली आणि म्हणाले, "बाबासाहेब, तिळगुळाच्या आत सांगतो. तुमची वाकडी बंदूक तुम्हाला. सौदा मोडला."

बंदूक द्यायला त्यांनी हात पुढे केला, आणि मध्ये मी उभी राहिले. "अण्णा, परत करायच्या आधी मला दोन बार."

"विमल!"

"आवं, मारू द्या की पोरीला," बाबासाहेब म्हणाले. "बापाचं राहिलेलं ती पुरं करंल. घे पोरी, घे."

मी बंदूक घेतली, दोन काडतुसे घातली, आणि डाव्या खांद्याला लावली. म्हादबा ओरडला, "ताई, खांदा चुकला! दुसरा, दुसरा!" बाबासाहेबही हसले. अण्णा हसले नाहीत. मी ओसरीकडे बघितले नाही, पण तिकडे काय चालले असेल ते मला पाठीनेच कळत होते. परकराची नाडी जिथे बांधलेली असते बरोबर तिथे. "सोडा," मी म्हणाले. पणती सुटली, मी चाप ओढला, आणि चुकले. इतक्या वर्षांच्या सवयीने मी डावा डोळा मिटला होता.

"लेक बापावर गेली," बाबासाहेब म्हणाले.

"पुन्हा सोडा, म्हादबा."

या वेळी मी डावा डोळा उघडा ठेवला. माशी पणतीबरोबर वर गेली, तिच्या थोडी पुढे झाली, आणि पणतीच्या जागी तांबडी धूळ उरली. मी कोणालाही न विचारता आणखी दोन काडतुसे घातली. एक पणती डावीकडे गेली, एक उंच गेली. दोन्हींची धूळ झाली. म्हादबा हातातली पुढची पणती तशीच धरून उभा होता. "आयला," तो म्हणाला, "बंदूक वाकडी न्हाई, आपुनच समदी वाकडी हाय."

अण्णा जवळ आले. त्यांनी माझ्या हातातली बंदूक न घेता फक्त दस्त्यावरून बोट फिरवले, माझ्या गालाकडे बघितले, पुन्हा दस्त्याकडे. "डावखुऱ्याची," ते हळूच म्हणाले.

बाबासाहेबांचे हसणे मात्र थांबले होते. त्यांच्यातला सौदागर जागा झाला होता. "असली बंदूक शोधून सापडायची न्हाई," ते म्हणाले. "मुंबईला एखादा डावरा शौकीन गाठला तर तिच्या बदल्यात दोन येतील. आण पोरी. तुझ्या बापानं सौदा मोडलाय, आपल्या तोंडानं मोडलाय. थोरली घेऊन जावा तुमी."

अण्णा वकील. शब्दाला शब्द लावून पोट भरणारा माणूस, पण दिलेला शब्द फिरवायचा नाही एवढे त्यांचे एक होते. "बोललो खरा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघू शकले नाहीत. मी बंदूक उघडली, काडतुसांची टरफले काढली. हात द्यायला मात्र पुढे होत नव्हते.

तेवढ्यात ओसरीवरून अक्काआत्या उठली. ताट घेऊन ती पाचट तुडवत आली; पायांत काही नव्हते. "बाबासाहेब, तुमची रीत मला माहीत आहे," ती म्हणाली. "बंदूक परत हातात दिली तर सौदा मोडतो. नुसत्या बोलण्याने मोडत असता, तर तुम्ही दोघे एवढे बडबडता, की आजवर एक सौदा उभा राहिला नसता. बंदूक तुमच्या हातात आली का?"

"आता देतीलच की, अक्का—"

"आली का?"

"न्हाई."

"मग तोंड उघडा."

थोरल्या बहिणीने संक्रांतीचा तिळगूळ पुढे केल्यावर कोण काय करणार? बाबासाहेबांनी तोंड उघडले. तिने लाडू आत घातला, तसाच अण्णांच्या तोंडात घातला, आणि मग माझ्यापुढे उभी राहिली. माझ्या डाव्या हातात बंदूक होती. जन्मभराच्या धाकाने मी तो हात घाईघाईने पाठीमागे घेऊ लागले आणि उजवा पुढे केला. उजव्या मुठीत टरफले होती, ती खाली पडली.

"असू दे," अक्काआत्या म्हणाली, आणि तिळगूळ माझ्याही तोंडात स्वतःच्या हाताने घातला. गुऱ्हाळातल्या ताज्या गुळाचा होता तो, अजून जरा कोमट. बाबासाहेब तोंड भरलेले असल्यामुळे नुसतेच डोके हलवत होते, आणि म्हादबाने, कोणी न सांगता, पुढची पणती उचलली होती. अक्काआत्या पदराने बोटे पुसत ओसरीकडे निघाली. दोन पावलांवर थांबली, वळली, आणि बोट रोखून म्हणाली, "बंदुकीपुरता डावा, विमे. आत पानं मांडली आहेत; पानावर बसलीस की नाडीत."